एचपी तीन, केडब्ल्यू साडेपाच

खडकेवाडीची डीपी जळाली ती ऐन गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत. भर दुपारी मळ्यांकडून एक दबका बार ऐकू आला, खांबावरच्या पेटीतून काळा धूर निघाला आणि करपलेल्या तेलाचा असा काही वास सुटला, की पारावर बसलेल्या माणसांनी नाकाला उपरणी लावली. डीपी म्हणजे तसं काही नवल नव्हे. मोठ्या तारांतून येणारी जोरकस वीज मोटारींना सोसेल एवढी उतरवून देणारी पेटी. पण खडकेवाडीच्या चौदा विहिरी त्या एका पेटीच्या जिवावर होत्या. ती गेली आणि चौदाही मळे एकदम मुके झाले.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. धर्मराज गुरुजीही गेले. गुरुजींचा सगळा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलं शिकवण्यात गेला होता, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांच्या ओसरीवर पाटी-पेन्सिलचा आवाज थांबला नव्हता. शेताकडं त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. जमीन दोघा भावांच्या सामाईक नावावर होती, आणि ती बघत असे धाकटा भाऊ, काकासाहेब. काकासाहेब ग्रामपंचायतीत होता, म्हणून पारावर बोलायचा पहिला मान त्याचा.

"दुसरी डीपी आणायला जालन्याला ट्रॅक्टर न्यावा लागंल," तो म्हणाला. "पण वीज कचेरीतला साहेब पंचनामा मागून राह्यलाय. कशामुळं जळाली ते लिहून द्या म्हणतो. न्हाई दिलं तर आपला नंबर सगळ्यांच्या मागं."

"कशामुळं म्हंजे? जळाली म्हणून जळाली," पुंजाराम म्हणाला.

"असं कागदावर न्हाई चालत, पुंजाबा. कारण पाह्यजे."

 मग तातेरावनं विडी विझवली आणि गायरानाकडं हनुवटी उडवली. "कारण तिकडं उभं हाय की. रायभानचा आकडा."

रायभान मेंढरांवर जगणारा माणूस. गायरानाच्या कडेला त्याची झोपडी आणि काटेरी फांद्यांचा मेंढवाडा. मागच्या हिवाळ्यात लांडग्यानं तीन कोकरं उचलली, तेव्हापासून त्यानं वरून जाणाऱ्या तारेवर एक आकडा टाकून मेंढवाड्यावर एक दिवा लावला होता. उजेड असला की लांडगा आत शिरत नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव त्याच्याकडं काणाडोळा करत होतं.

"बराबर," काकासाहेब म्हणाला. जणू त्याला ते आत्ताच सुचलं होतं. "आकड्याच्या ठिणग्या पडल्या, डीपी जळाली. चोरीची केस होईल. झोपडीबी निघंल. गायरान मोकळं."

"अरे, साठ वॅटचा दिवा तो," गुरुजी म्हणाले. "साठ वॅटनं डीपी जळते का कुठं?"

"गुरुजी, शाळा सुटून लई दिस झाले," तातेराव म्हणाला. "वीज ती वीज. थोडी काय अन् लई काय."

सगळे हसले. गुरुजींनी पाराच्या टोकाला पाहिलं. रायभान तिथं चपला काढून खाली बसला होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्याला कळत होतं, पण तो मध्ये तोंड घालणाऱ्यातला नव्हता. शेवटी त्यानं एवढंच म्हटलं, "मालक, मेंढ्या व्यायला आल्यात. महिनाभर तरी हलवू नका."

"साहेब परवा येतोय," काकासाहेब म्हणाला. "त्याला विचार."

घरी आल्यावर गुरुजींनी ओसरीवरचीच एक पाटी ओढली. गावातली प्रत्येक मोटार तीन एचपीची. बिलं तशीच येत, कारण शेतीच्या विजेला मीटर नव्हता. मोटार जेवढ्या एचपीची तेवढा आकार. चौदा मोटारी, प्रत्येकी तीन, म्हणजे बेचाळीस एचपी. एका एचपीचे सातशे साडेपस्तीस वॅट. गुणाकार केला तर एकतीस हजारांच्या आत, म्हणजे एकतीस किलोवॅटही नाही. आणि गावाची ही त्रेसष्ट केव्हीएची डीपी मोटारींचा पन्नास किलोवॅटपर्यंतचा भार आरामात ओढते, एवढं गुरुजींना माहीत होतं.

त्यांनी पाटीकडं पाहिलं. गणित म्हणत होतं, मोटारींनी डीपी जळणं शक्य नाही. आणि दिव्यानं जळणं तर त्याहून शक्य नाही. तरी ती जळाली होती.

असं उत्तर आलं की गुरुजी मुलांना एकच सांगत. आकडेमोड पुन्हा तपासा. ती बरोबर निघाली तर उदाहरणातच दिलेल्या संख्या तपासा. छापणारा माणूसच असतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच सहा-सात मुलं ओसरीवर आली. त्यांत काकासाहेबाची नात कुशावर्ता, जिला सगळे कुशी म्हणत, सर्वांत पुढं.

"आज पाट्या न्यायच्या विहिरीवर," गुरुजी म्हणाले. "एचपी म्हणजे काय, कोण सांगतं?"

"घोड्याची ताकद."

"कोणत्या घोड्याची, गुरुजी?" एकानं विचारलं. "आपल्याकडं तर घोडा नवरदेवालाच लागतो. तो तर चालतानाच झोपतो."

मुलं खिदळली. गुरुजीही हसले. "त्या घोड्याला सोडा. आपण पोतं घेऊ. पंचाहत्तर किलोचं धान्याचं पोतं. ते एका सेकंदात एक मीटर वर उचललं, दुसऱ्या सेकंदाला आणखी एक मीटर, आणि असं न थांबता उचलत राहिलं, तर ती एक एचपी. वॅटमध्ये मोजली तर सातशे साडेपस्तीस. हजार वॅटचा एक किलोवॅट. म्हणून किलोवॅटवरून एचपी काढायची तर काय कराल?"

"वॅट करायचे आणि सातशे साडेपस्तीसनं भागायचं," कुशी म्हणाली.

"शाबास. चला, पोत्यांचा हिशोब करू."

पुंजारामच्या विहिरीवर मोटार काठावरच होती. तिच्या पाठीवर ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, चार कोपऱ्यांना रिव्हेट ठोकलेली. कुशीनं ओढणीनं धूळ पुसली आणि इंग्रजी अक्षरं मोठ्यानं वाचली. "एचपी तीन. केडब्ल्यू तीन पॉइंट सात."

"केडब्ल्यू म्हणजे किलोवॅट. करा भागाकार."

पाट्यांवर पेन्सिली कुरकुरल्या. कुशीचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला, पण चेहरा गोंधळलेला. "गुरुजी, तीन न्हाई येत. पाच येतंय. पाच अन् वर जरासं."

"परत कर."

तिनं परत केलं. दुसऱ्या दोघांनी केलं. पाच. गुरुजींनी चष्मा लावून स्वतः केलं. पाच. मग ते पट्टीवर वाकले. तीनचा आकडा शेजारच्या आकड्यांपेक्षा खोल होता आणि एका अंगाला कललेला. त्याच्याखाली कानशीनं घासल्याचे बारीक ओरखडे चमकत होते. केडब्ल्यूच्या आकड्याला मात्र कुणी हात लावला नव्हता.

"ते आधी पाचच व्हतं," एक पोरगा सहज म्हणाला. "अंबडला वसंताच्या दुकानात जळकी मोटार नवी तार भरायला नेली ना, की तो तीन मारून देतो. आमचीबी मारून आणली. सगळ्यांचीच."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक हाय, गुरुजी."

गुरुजींनी मुलांकडं पाहिलं. एकाच्याही तोंडावर चोरी सापडल्याचा भाव नव्हता. शेणात पाय पडला की पुसून पुढं जावं, इतकं ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तोंडात काहीतरी कडू आल्यासारखं त्यांना झालं. ही मुलं रोज त्यांच्यापुढं बसून बेरजा-वजाबाक्या करत होती, आणि गावात उघड्यावर मांडलेली ही वजाबाकी मास्तर सोडून सगळ्यांनी कधीच सोडवलेली होती. बिलाचा माणूस एचपी तेवढी बघतो. मग केडब्ल्यू घासायचे कष्ट कोण घेणार? लबाडीतसुद्धा आळस.

ते विहिरी हिंडत राहिले. तीन आणि तीन पॉइंट सात. तीन आणि तीन पॉइंट सात. तातेरावच्या मोटारीवर तीन आणि साडेपाच. शेवटी मोसंबीच्या बागेतली स्वतःची विहीर आली. कुशी पट्टीशी बसली आणि या वेळी तिनं हळू वाचलं.

"एचपी तीन. केडब्ल्यू पाच पॉइंट पाच." भागाकार करून ती म्हणाली, "साडेसात येतंय, गुरुजी. आजोबांची मोटार साडेसातची हाय."

गुरुजींनी पट्टीवर बोट फिरवलं. घासलेली जागा गुळगुळीत होती, सापाच्या पोटासारखी. त्यांनी बोट धोतराला पुसलं. तरी पुसून झाल्यासारखं वाटेना.

"आता बेरीज करा," ते म्हणाले. आवाज त्यांनी नेहमीसारखाच ठेवला. मुलांचा काय दोष? "पट्टीवरच्या एचपीची नाही, किलोवॅटची."

पाच मोटारी साडेपाचच्या आणि नऊ मोटारी तीन पॉइंट सातच्या. साठ किलोवॅट आणि वर थोडे. डीपीनं सोसायचे पन्नास.

"मंग जळंलच ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि रायभानचा दिवा?" गुरुजींनी विचारलं.

कुशीनं साठ हजारांना साठनं भागलं. "गुरुजी, आपल्या मोटारी म्हणजे रायभानकाकाचे हजार दिवे."

जेवताना काकासाहेबानं सगळं ऐकून घेतलं. त्यानं नाकारलं नाही, लाजलाही नाही. भाकरी कुस्करत म्हणाला, "दादा, सगळं गाव करून राह्यलंय. आपण एकट्यानंच साडेसात सांगितली असती तर लोक हसले असते."

"हसण्याचं सोड. खरी एचपी सांगितली असती तर शंभरची डीपी मिळाली असती. ही जळालीच नसती."

"अन् खर्च? आकार किती वाढला असता?"

"आणि तो रायभान?"

"त्याचं काय? मेंढरं घेऊन कुठंबी जाईल. त्यांची जातच फिरस्ती."

गुरुजींच्या पत्नी कांताबाई ताटात मोसंबी सोलून ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, घोंगड्या घेताना नव्हता वाटतं तो फिरस्ती. आपल्या घरच्या लग्नात पाचही घोंगड्या त्याच्याकडूनच आणल्या."

काकासाहेब तिकडं दुर्लक्ष करून भावाला म्हणाला, "तुम्ही मोसंबी खाता ना, दादा? ती बाग त्याच मोटारीवर हाय. खाताना गोड लागते ना?"

गुरुजींनी हातातली फोड ताटात परत ठेवली.  भाऊ खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. तो खरं बोलला होता.

दुपारी छन्नी-हातोडी घेऊन ते एकटेच विहिरीवर गेले. कधी न केलेलं काम, त्यामुळं बोट चेचलं. पण चारही रिव्हेट तुटले आणि पट्टी हातात आली.

साहेब आले तेव्हा पारावर सतरंजी अंथरली होती. कुठल्या दोन गावांच्या मधला वेळ काढून आलेला, घामेजलेला तरुण माणूस. पंचनाम्याचा कागद काकासाहेबानं आधीच लिहून ठेवला होता. फक्त सह्या राहिल्या होत्या. रायभान आणि त्याची बायको सुगंधाबाई लांब उभे होते. सुगंधाबाईच्या पदराखाली रात्रीच जन्मलेलं कोकरू होतं.

साहेब लिंबाखाली जाऊन हातपाय धूत होते, तेवढ्यात गुरुजींनी कागद वाचला आणि मोटारवाल्यांना हलक्या आवाजात म्हणाले, "मला सही करायला हरकत नाही. जमीन सामाईक आहे, माझी सही लागेलच. फक्त मी सहीच्या वर एक ओळ लिहीन. आमची मोटार साडेसातची आहे. आणि ही पट्टी कागदाला टाचीन."

त्यांनी हात उघडला. पट्टी उन्हात लकाकली.

"दादा!" काकासाहेबानं लिंबाकडं चोरून पाहिलं. "घरचं घरात ठेवा."

"गुरुजी, एक पट्टी पाह्यली की तो बाकीच्या तेराही बघंल," तातेराव म्हणाला. परवाची थट्टा त्याच्या तोंडावरून पार उतरली होती.

"बघेल की. भागाकार सोपा आहे. तुमच्या पोरांना येतो."

"तुम्हाला पाह्यजे तरी काय?"

"रायभानचं नाव काढा."

ते लाजले असते तर गुरुजींना आनंद झाला असता. एकदोघांनी नुसती मान खाली घातली असती तरी त्यांनी पुष्कळ मानलं असतं. पण तसं काही झालं नाही. बाजारात बैलाचा दात बघून सौदा फिरावा, तसा तो फिरला. काकासाहेबानं कागद फाडला, तातेरावनं दुसरा आणला. "मंग कारण काय लिवायचं?"

"पाखरू लिवा," पुंजाराम म्हणाला. "पाखरू बसलं, दोन तारा चिकटल्या."

"कोणतं पाखरू?"

"लिवा घार. मोठी पाह्यजे."

घार लिहिली गेली. साहेबांनी तोंड पुसत कागद वाचला, घड्याळ पाहिलं आणि सही केली. गुरुजींनी केली. पट्टी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती आणि तिचा कोपरा छातीला टोचत होता. एका माणसाचं घर वाचलं होतं, हे खरं. पण पट्टी खिशात दडवून त्यांनीही त्या सौद्यात आपला हात घातलाच होता. घरी जाऊन त्यांनी साबणानं हात धुतले. कांताबाईंनी विचारलं, "बोट सुजलंय का?" ते नाही म्हणाले.

ट्रॅक्टरनं डीपी आली. त्रेसष्टचीच. मोटारी पुन्हा सुरू झाल्या. काकासाहेबाची मोटार पट्टीशिवाय चालत होती, आणि भावाभावांत बोलणं बंद होतं.

अशाच एका सकाळी रायभान वाड्यात आला. खांद्यावर नवीकोरी काळी घोंगडी. गुरुजी ओसरीवर होते. रायभाननं त्यांना वाकून नमस्कार केला, पण तो थेट आत गेला आणि घोंगडी काकासाहेबाच्या पायाशी ठेवली.

"मालक, तुमी नाव काढलं म्हणून ऱ्हायलो. तातेराव सांगत व्हते, काकासाहेबांनी कागद फाडला."

"असू दे, असू दे," काकासाहेब म्हणाला. त्यानं घोंगडी उचलली, बोटांत लोकर चोळून पाहिली. "ऊब चांगली हाय."

गुरुजींनी मान दुसरीकडं वळवली. रस्त्यात मेलेल्या कुत्र्यावरून चाक गेलं की माणूस वळवतो, तशी.

कुशी त्यांच्या शेजारी पाटी घेऊन बसली होती. तिनं हे सगळं पाहिलं होतं. बराच वेळ पेन्सिल चावून तिनं विचारलं, "गुरुजी, कागदात घार लिवली ना?"

"हो."

"घारीचे किती वॅट धरायचे?"

मुलांच्या प्रश्नाला गुरुजींनी उत्तर दिलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. उत्तर येत नसेल तर ते म्हणत, उद्या सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी सांगत. या प्रश्नाचं उत्तर तर त्यांना येत होतं.

"शून्य," ते म्हणाले. "घार आलीच नव्हती, कुशे."

"मंग उत्तर चुकलंय."

"चुकलंय." ते उठले. खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली. "चप्पल घाल. अंबडला जाऊ."

वसंताचं दुकान एस. टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. उघड्या मोटारी, तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा वास. गुरुजींनी पट्टी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"मारून द्यायची का, बाबा?" वसंतानं न बघताच विचारलं. मग बघितलं. "ही तर मारलेलीच हाय."

"उलटी मारायची आहे. साडेसात."

वसंतानं हातातलं काम खाली ठेवलं. "वर न्यायची? बिलकुल पहिलं गिऱ्हाईक." तो हसला, मग म्हाताऱ्याचं तोंड पाहून थांबला. त्यानं फळीवरून लाकडी पेटी काढली. आत पत्र्यावर आकडे ठोकायचे पोलादी पंच ओळीनं उभे होते. तीनचा पंच त्यानं बाजूला सारला. तो इतका झिजला होता की त्याची टोकं बोथट होऊन गेली होती, आणि ठोकून ठोकून डोकं फुलासारखं फाकलं होतं. सातचा पंच मात्र कंपनीच्या तेलात तसाच होता. त्याच्यावरचा कागदही निघाला नव्हता.

कुशी वाकून बघत होती. तिनं झिजलेला तीन हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "हा एकटाच कामाला येतो वाटतं."

"ठेव तो खाली," गुरुजी म्हणाले. इतक्या तुटकपणे ते मुलांशी कधी बोलत नसत. मग मवाळ होऊन म्हणाले, "हात काळे होतील."

वसंतानं तीन घासून काढला. सात मारला, एक टिंब मारलं, पाच मारला. तीन ठोके. पट्टी उलटून त्यानं फुंकर घातली. "वीज कचेरीत दाखवणार हे?"

"इथून तिकडंच चाललोय."

"गावातले लोक तुमच्याशी बोलतील का मंग?"

"आत्ताही कुठं बोलतात."

बाहेर उन्हात येऊन गुरुजींनी पट्टी कुशीच्या हातात दिली. तिनं ती पाटीवर ठेवली, पेन्सिल काढली आणि दुकानाच्या पायरीवर बसून साडेपाच हजारांना सातशे साडेपस्तीसनं भागलं. घाई केली नाही. गुरुजीही उभे राहिले. गल्लीत वार्निश जळत होतं आणि त्यांना परत डीपीचा तो वास आठवला, पण ते तिथून हलले नाहीत.

"जुळलं," कुशी म्हणाली.